स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग वाजते? स्ट्रट बेअरिंग कसं तपासायचं, कसं बदलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी ८० हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. जागेवर उभ्या उभ्या स्टेअरिंग वळवलं की पुढच्या डाव्या बाजूने 'टंग' असा आवाज येतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग पूर्वीसारखं आपणहून सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं. एका ठिकाणी दोन्ही शॉकअप बदलायला सांगितलं आहे. नुसतं बेअरिंग बदलून भागेल का, आणि हे काम घरी होईल का?

लक्षणं बेअरिंगचीच आहेत. तरी काहीही विकत घेण्याआधी पंधरा मिनिटं काढून नीट तपासणी करा, आणि ती गाडी चारही चाकांवर उभी असताना करा. ही तपासणी बरेच जण जॅक लावून करतात आणि तिथेच फसतात. चाक हवेत लटकलं की गाडीचं वजन बेअरिंगवरून उतरतं, उरतो तो फक्त स्प्रिंगचा स्वतःचा दाब. मग पार खराब झालेलं बेअरिंगही शहाण्यासारखं फिरतं. मालक म्हणतो आवाज येतो, मेकॅनिक म्हणतो सगळं ठीक आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात.

असं का होतं हे कळण्यासाठी रचना डोळ्यांसमोर हवी. पुढच्या चाकाचा स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा एकच खांब. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४०च्या दशकात ही रचना मांडली आणि आज बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना पुढे तीच असते. हा खांब खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागाला, घट्ट आवळलेला असतो, त्यामुळे चाक वळलं की शॉकअपची नळी वळते, नळीला वेल्ड केलेली बशी वळते आणि बशीत बसलेली स्प्रिंगही वळते. वरचं माउंट मात्र बॉडीला नटांनी पक्कं केलेलं असतं, ते जागचं हलत नाही. फिरणारी स्प्रिंग आणि न फिरणारं माउंट यांच्यामध्ये जे बसतं ते स्ट्रट बेअरिंग. काही गाड्यांत ते वेगळी चकती म्हणून मिळतं, काहींत माउंटच्या पोटातच असतं आणि दोन्ही एकत्रच बदलावे लागतात.

आता त्याच्यावरचा भार बघा. १,१०० किलोची, पुढे इंजिन असलेली गाडी धरा. साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे ६६० किलो. एका चाकावर ३३०. त्यातून चाक, ब्रेक, नकल हे स्प्रिंगच्या खालचं वजन वजा केलं तरी ३०० किलोच्या आसपास भार त्या तळहाताएवढ्या चकतीवर दिवसरात्र असतो. खड्ड्यात चाक आदळलं की क्षणभर याच्या कितीतरी जास्त. शिवाय हे बेअरिंग जन्मात कधी एक पूर्ण फेरा घेत नाही. चाक इकडे पस्तीस-चाळीस अंश वळतं, तिकडे तेवढंच, आणि बहुतेक वेळ गाडी सरळच चालत असते. म्हणजे बेअरिंगच्या आतल्या गोळ्या त्याच त्या जागी बसून आदळे खात राहतात आणि त्यांच्या वाटेत बारीक खळगे पाडतात. त्यात चाकाने उडवलेलं पाणी आणि धूळ शिरली की ग्रीस धुऊन जातं, गंज धरतो. मग स्टेअरिंग वळवताना बेअरिंग फिरत नाही, स्प्रिंगच पिळली जाते. पीळ सहन होईनासा झाला की ती एकदम सुटते. तोच तुमचा 'टंग'. वळणानंतर चाकं आपणहून सरळ व्हायला हवीत, पण अडलेलं बेअरिंग आणि पिळलेली स्प्रिंग त्यांना मागे ओढून धरतात, म्हणून स्टेअरिंग परत येत नाही.

तपासणीसाठी एक मदतनीस घ्या. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रलमध्ये. पॉवर स्टेअरिंगसाठी इंजिन चालू लागेल, म्हणून मदतनिसाला आधीच सांगून ठेवा की तुम्ही म्हणाल तेव्हाच आणि अगदी सावकाश स्टेअरिंग वळवायचं. टायरच्या मागच्या बाजूने हात घालून तळवा स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला टेकवा. बोटं वेटोळ्यांच्या फटीत जाऊ देऊ नका. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग चाकाबरोबर एकसारखी, तेल घातलेल्या दारासारखी वळते. खराब असेल तर आधी काहीच होत नाही, तळव्याखाली ताण भरत गेल्याचं जाणवतं आणि मग एक झटका बसतो. एकदा हा झटका हाताला कळला की पुढे कधी चुकत नाही. आवाज नसतानाही बेअरिंग अडू लागलेलं ओळखता येतं.

हात पोचत नसेल तर स्प्रिंगच्या वरच्या वेटोळ्यावर आणि माउंटच्या कडेवर खडूने एक सरळ उभी रेघ मारा, फोन व्हिडिओ लावून आत टेकवून ठेवा आणि स्टेअरिंग वळवा. स्प्रिंगवरची रेघ माउंटवरच्या रेघेपासून सरकत सरकत दूर जायला हवी. ती थांबून मग उडी मारत असेल तर निकाल लागला. दोन्ही बाजूंना हेच करा. आवाज पत्र्यातून प्रवास करतो, आणि डावीकडचा वाटणारा आवाज उजवीकडचा निघालेला मी अनेकदा पाहिला आहे.

मग बॉनेट उघडा. स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला जिथे जोडलेलं असतं त्या उंचवट्यावरची, म्हणजे टॉवरवरची, रबरी किंवा प्लॅस्टिकची टोपी काढा, माउंटवर बोट ठेवा आणि मदतनिसाला गाडीचा तो कोपरा जोराने दाबून सोडायला सांगा. मधला नट रबरासकट किंचित वरखाली होणारच. पण तो ठोका देत असेल, किंवा रबर धातूपासून सुटून भेग दिसत असेल, तर माउंटही गेलं आहे. एक गैरसमज इथेच दूर करतो: स्टेअरिंग वळवताना मधला नट फिरत नाही म्हणून बेअरिंग जाम आहे असं समजू नका. बऱ्याच रचनांत शॉकअपचा दांडा माउंटच्या रबरात आवळलेला असतो आणि नळी त्याच्याभोवती फिरते.

बाकीचे संशयितही बाद करायला हवेत. नकलला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट सुका पडला असेल तर स्टेअरिंग न वळवता नुसता कोपरा दाबला तरी करकर येते. स्ट्रटला स्टॅबिलायझर बारशी, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या दांड्याशी, जोडणाऱ्या लिंक रॉडचा आवाज सरळ जाताना एका चाकाखाली खड्डा आला की येतो, उभ्या गाडीत सहसा नाही. स्टेअरिंग कॉलमचा जॉइंट अडत असेल तर अडखळ थेट हाताला, पेडलच्या वरच्या भागातून जाणवते आणि स्प्रिंगवरचा हात मात्र शांत असतो. इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टची कटकट गाडी पूर्ण वळणावर चालत असताना येते. आणि आता जॅकचा उपयोग: पुढची दोन्ही चाकं उचलून, खाली स्टँड लावून स्टेअरिंग वळवा. जमिनीवर अडणारं स्टेअरिंग हवेत मोकळं झालं तर बेअरिंगवरचा संशय पक्का होतो. हवेतही तितकंच जड राहिलं तर स्टेअरिंग रॅक, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (रॅकला नकलशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) यांच्याकडे बघा. माझ्याकडे एक गाडी आली होती जिचे टाय रॉड एंड वर्षभरात दोनदा बदलले गेले होते. कोणीही स्प्रिंगला हात लावून पाहिला नव्हता. मालकाचे पैसे तर गेलेच, पण इतके महिने परत न येणारं स्टेअरिंग घेऊन तो गाडी चालवत होता, याचं मला जास्त वाईट वाटलं.

दोन्ही शॉकअप बदलायचे का? शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ असेल, त्याला धुळीचा चिखल चिकटला असेल, किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत असेल तर बदला. वरच्या सीलपाशी नुसता पुसट तेलकट ओलावा असेल तर तेवढ्यावरून बदलू नका. मात्र बेअरिंगसाठी अख्खा स्ट्रट खाली येतोच, मेहनत तीच. म्हणून दोन्ही बाजूंची बेअरिंग, दोन्ही माउंट, बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की आदळा झेलणारं रबर) आणि धुळीचं कव्हर एकदमच बदलावं असं माझं मत आहे. माउंटचं रबर आणि बेअरिंग एकाच वयाची असतात. एकाच बाजूचं काम केलं तर दोन्हीकडचा अडसर वेगवेगळा होतो आणि स्टेअरिंग एका अंगाला सैल, दुसऱ्या अंगाला जड लागू शकतं.

काम घरी होईल का? स्ट्रट काढणं आणि बसवणं होईल. स्प्रिंग दाबून माउंट सोडवणं हा मात्र जिवावरचा भाग आहे. स्ट्रट गाडीतून बाहेर काढला तरी स्प्रिंग माउंट आणि बशी यांच्यामध्ये दाबलेलीच असते. तिला रोखून धरणारा एकच नट म्हणजे तो मधला. तो स्प्रिंग न दाबता सोडला तर माउंट गोळीसारखं उडतं. तेव्हा गाडीवर असो की टेबलावर, स्प्रिंग पकडीत, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजारात, घेऊन माउंटवरचा तिचा दाब सैल केल्याशिवाय मधल्या नटाला पाना लावायचा नाही. पहिल्यांदाच करत असाल तर माझा आग्रह आहे की स्ट्रट घरी काढा आणि स्प्रिंग दाबायचं बसवलेलं यंत्र ज्या गॅरेजमध्ये आहे तिथे घेऊन जा. तेवढं काम तिथे करून घ्या आणि परत येऊन स्ट्रट स्वतः बसवा.

स्ट्रट काढताना चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. पुढची दोन्ही चाकं उचला आणि दोन्हीकडे स्टँड लावा. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार ताणात राहतो आणि लिंक रॉड ना निघतो ना बसतो. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटला क्लिपने अडकवलेली असते, ती आधी सोडवा. ही वायर विसरून ओढली गेली की सेन्सर बदलायचा खर्च वाढतो. लिंक रॉडचा नट सोडताना पिन सोबत फिरत असेल तर मधल्या खाचेत एलन की (षटकोनी किल्ली) घालून ती धरा.

नकलच्या दोन बोल्टांना हात लावण्यापूर्वी नकल आणि स्ट्रट यांच्या जोडावर पक्क्या रंगाने रेघ मारा, बोल्टच्या डोक्याभोवतीही मारा. काही गाड्यांत यातला एक बोल्ट कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा तिरकेपणा, लावण्यासाठी मुद्दाम विकेंद्री (एका बाजूला फुगीर) बनवलेला असतो. बऱ्याच बोल्टांच्या मानेला दाते असतात, म्हणून बोल्ट धरून ठेवा आणि नट फिरवा. उलट केलं तर भोकातले दाते खरवडले जातात. बोल्ट बाहेर येण्याआधी नकलला तारेने किंवा दोरीने स्टँडच्या बाजूला बांधून ठेवा. ती बाहेर कलंडली तर ब्रेकच्या होजवर लटकते आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. काही गाड्यांत दोन बोल्टांऐवजी स्ट्रट नकलच्या भोकात शिरलेला असतो आणि एका बोल्टने चिमटलेला असतो. तिथे आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि हातोडीचे ठोके नकलवर द्या, शॉकअपच्या नळीवर नको. वरचे नट शेवटी काढा, त्यातला शेवटचा काढताना एका हाताने स्ट्रट खालून धरा. काही गाड्यांत हे नट वायपरच्या खालच्या प्लॅस्टिक पट्टीआड लपलेले असतात.

आता पकड. हातपकडीचे दोन स्क्रू वापरणार असाल तर ते स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, शक्य तितकी जास्त वेटोळी धरून लावा. आटे साफ करून त्यांना ग्रीस लावा. एका बाजूला दोन-तीन फेरे, मग दुसऱ्या बाजूला तितकेच. स्प्रिंग केळ्यासारखी वाकायला लागली तर थांबा, सोडा आणि पुन्हा लावा. इम्पॅक्ट गनने हे स्क्रू आवळू नका, आटे तापून चिकटतात. स्ट्रटचं तोंड कोणाकडेही नको, तुमचा चेहरा तर नकोच. स्प्रिंग बशीत हाताने फिरू लागली की पुरे, जास्त दाबायची गरज नाही. मग दांड्याच्या टोकाला एलन की किंवा योग्य पाना लावून दांडा धरा आणि नट सोडा. दांड्याच्या चकचकीत भागाला पक्कड लावू नका. तिथला एक ओरखडा सील फाडतो आणि चांगला शॉकअप दोन महिन्यांत गळायला लागतो.

भाग ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने ओळीत मांडा आणि फोटो काढा: नट, वॉशर, माउंट, बेअरिंग, वरची बशी, रबर, धुळीचं कव्हर, बंपस्टॉप. जुनं बेअरिंग दोन तळव्यांमध्ये धरा आणि जोराने दाबून फिरवा. न दाबता फिरवलं तर ते तुम्हाला फसवेल. वाळूसारखी खरखर, मध्येच एक ठरावीक अडखळ, कडेने तांबूस पाणी, तडकलेलं प्लॅस्टिक, यातलं काहीही दिसलं तर तुमचं निदान बरोबर होतं. शॉकअपचा दांडा पूर्ण खाली दाबून पाहा, तो एकसारख्या प्रतिकाराने जायला हवा, मध्ये पोकळ झटका नको. स्प्रिंगचं खालचं टोक बोटाने चाचपून पाहा. गंजून तुटलेलं टोक बशीच्या खाचेत लपून बसतं, आणि तेही स्टेअरिंग वळवताना असाच आवाज करतं. बशीचं रबर चिरलं असेल तर तेही बदला.

नवं बेअरिंग उलटसुलट बसू शकतं, आणि चुकीचं बसलं तरी बाहेरून काहीच कळत नाही. त्यावर बाण किंवा खूण असेल ती बघा, नसेल तर जुन्याचा फोटो समोर ठेवा. सीलबंद बेअरिंगला वरून ग्रीस चोपडू नका, त्याला धूळच चिकटते. बनवणाऱ्याने सांगितलं असेल तरच लावा. स्प्रिंगचं टोक खालच्या बशीच्या पायरीला जवळजवळ टेकलेलं हवं, पायरीवर चढलेलं नको. वरच्या बशीला आणि माउंटला बऱ्याचदा बाहेरची बाजू दाखवणारी खूण असते, ती नकलच्या कंसाशी जुळवा. मधला नट नवाच घ्या, कारण तो स्वतःला अडकवून धरणारा असतो आणि एकदा काढला की त्याची पकड कमी होते. दांडा धरून टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणारा पाना) गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. हा आकडा गाडीगणिक बदलतो, अंदाजाने लावू नका. नट आवळल्यावरच पकड सोडा, तीही आळीपाळीने थोडी थोडी, आणि सोडताना स्प्रिंग दोन्ही बशांत नीट बसतेय ना, याच्यावर नजर ठेवा.

गाडीत बसवताना वरचे नट आधी हाताने लावा, मग नकल रंगाच्या रेघांवर आणून बोल्ट घाला आणि ठरलेल्या टॉर्कला आवळा, मग लिंक रॉड, होज आणि वायर. होज कुठे पिळला नाही हे स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पाहा. सोयीसाठी लोअर आर्मच्या बुशचा (रबरी सांध्याचा) बोल्ट सैल केला असेल तर तो शेवटचा आवळायचा, गाडी चाकांवर उभी असताना. हवेत आवळला तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. नंतर अलाइनमेंट करून घ्याच. रेघा कितीही तंतोतंत जुळवल्या तरी बोल्टच्या भोकातली सूतभर ढील कॅम्बर हलवते, आणि कॅम्बर हलला की टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, तीही हलते.

पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर वरचे आणि नकलचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. तोपर्यंत एखादा बारीक आवाज आला तर आधी स्प्रिंगचं टोक पायरीवरून सरकलं आहे का ते पाहा. नव्या बेअरिंगनंतर येणाऱ्या आवाजाचं हे एक नेहमीचं कारण असतं.

आणि जुनं बेअरिंग टाकण्याआधी उघडा. गोळ्यांच्या वाटेवर एकसारख्या अंतरावर बारीक खळगे असतील, पण ग्रीस शाबूत असेल, तर ते वयाने आणि खड्ड्यांनी गेलं. ग्रीसच्या जागी तांबडं पाणी आणि चिखल असेल तर पाणी कुठून तरी आत येत होतं. टॉवरवरची टोपी फाटली किंवा हरवली आहे का, काचेच्या खालच्या पट्टीचं पाणी थेट तिथे पडतं का, आणि धुळीचं कव्हर बसवायचं राहून गेलं होतं का, ते पाहा. ते आधी दुरुस्त केलं नाही तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने जाईल.